माहेरचं बाळंतपण: गावातलं प्रसूतिगृह की शहरातलं माता-बाल रुग्णालय?

प्रश्न थोडक्यात असा होता: "मुलीचं पहिलंच बाळंतपण आहे. वय २८, पुण्यात असते, ३१वा आठवडा चालू आहे. डोहाळजेवण झालं की तिला माहेरी आणणार आहोत. आमच्या तालुक्याच्या गावात ओळखीच्या डॉक्टरबाईंचं दहा खाटांचं प्रसूतिगृह आहे, माझी दोन्ही बाळंतपणं तिथंच झाली. जावयांचं म्हणणं, ४५ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी खास माता आणि नवजात बाळांसाठी मोठं हॉस्पिटल झालंय, तिथं करू. खर्च जवळजवळ तिप्पट. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची खरंच गरज असते का? बाकी सगळं छान आहे, फक्त मागच्या तपासणीला बीपी १४०/९० आलं होतं. प्रवासाच्या दगदगीने आलं असेल असं ती म्हणते."

ताई, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करतो. गरोदरपणात १४०/९० म्हणजे 'जरा जास्त' नव्हे. वाढलेला रक्तदाब म्हणायचं ते याच आकड्यापासून. दगदगीने एखाद्या वेळी चढतं हे खरं, म्हणून तर चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजतात. पण पुन्हा न मोजता 'दगदगीने असेल' म्हणून सोडून द्यायचा हा आकडा नाही. ही तपासणी उद्याच करून घ्या, डोहाळजेवणाची तारीख ठरण्याआधी. बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून बीपी, लघवीत प्रोटीन जातंय का ते, रक्तात प्लेटलेट आणि लिव्हर-किडनीच्या चाचण्या, आणि बाळाची वाढ व नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी. डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर काजवे चमकणं, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, तोंडावर अचानक सूज येणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असो की सणवार, सरळ दवाखाना गाठायचा. बीपी १६०/११० च्या घरात गेलं तर ती तातडीची वेळ असते.

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे, बाळंतपण करणारा नाही. पण २६ वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतोय आणि आसपासच्या लहान प्रसूतिगृहांतून पाठवलेली बाळं माझ्याकडेच येतात. या बीपीच्या आजारात वारेच्या रक्तवाहिन्या नीट रुंदावलेल्या नसतात, त्यामुळे बाळाला पोषण कमी मिळतं. मग बाळ लहान राहतं, किंवा आईला वाचवण्यासाठी दिवस भरण्याआधीच प्रसूती करावी लागते. म्हणजे आईच्या हातावर मोजलेला तो आकडा माझ्या पेशंटचाही असतो. प्रसूतिगृह कुठलं, हे त्या आकड्यावर बरंचसं ठरणार आहे. इमारत आणि खर्चाचा विचार त्यानंतर करू.

आता मूळ प्रश्न. मोठ्या हॉस्पिटलची गरज प्रत्येकीला असते का? नाही. शंभर बाळांपैकी साधारण ८५ बाळं जन्मल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत आपणहून श्वास घेतात. दहाएक बाळं कोरडी पुसली, पाठ चोळली की रडतात. उरलेल्या पाचेक बाळांना मास्क लावून अंबू बॅगने हवा द्यावी लागते, आणि छाती दाबणं, औषधं देणं इथपर्यंत वेळ येणारी बाळं शंभरात एकाहून कमी. अडचण अशी की ती पाच बाळं कोणती हे कित्येकदा आधी कळत नाही. सगळे रिपोर्ट चांगले असलेल्या आईचं बाळही निपचित जन्मू शकतं. त्या बाळाला पहिल्या मिनिटात हवा मिळाली पाहिजे. पुढच्या साठ वर्षांचा मेंदू त्या साठ सेकंदांत पणाला लागलेला असतो, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. वेळेवर हवा न मिळालेली, आज चालू-बोलू न शकणारी मुलं माझ्या बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला येतात.

ही हवा देणारी बॅग महाग नसते. महाग असतो तो सवयीचा हात. २००९ पासून केंद्र सरकारच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात डॉक्टर आणि सिस्टर दोघांनाही हे शिकवलं जातं. मी स्वतः कितीतरी शिबिरांत शिकवलंय. एकदा एका लहानशा गावातल्या प्रसूतिगृहात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो आणि आत बाळ रडेना. तिथल्या सिस्टरने कुणाचीही वाट न पाहता बाळ वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या टेबलावर, घेतलं, मान नीट केली, मास्क घट्ट बसवला आणि मोजत मोजत हवा देऊ लागली. चाळिसाव्या सेकंदाला छाती हलली, दीड मिनिटात बाळ रडलं. मला हात लावावाही लागला नाही. त्या प्रसूतिगृहाला लिफ्ट नव्हती, पाटीवर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, असं लिहिलेलं नव्हतं. आणि याच्या उलटही पाहिलंय. चकचकीत ठिकाणी ओल्याच दुपट्यात गुंडाळलेलं, पाय धरून उलटं करून थोपटलेलं, थंडगार पडलेलं बाळ मोटारीतून माझ्यापर्यंत आलं, तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

म्हणून डॉक्टरबाईंकडे जाऊन हे विचारा, आणि विचारताना अजिबात संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. रात्री दोन वाजता बाळंतपण झालं तर बाळाला हातात घेणारी व्यक्ती कोण? तिने बॅग-मास्कचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि शेवटचं कधी? वॉर्मर बाळंतपणाच्या टेबलाजवळ आहे की दुसऱ्या खोलीत? बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात की कळा वाढल्या की आधीच येऊन थांबतात? भूलतज्ज्ञ कुठून येतात आणि पोचायला किती वेळ लागतो? लगेच सिझर करायचं ठरलं तर बाळ बाहेर यायला त्यांच्याकडे एरवी किती वेळ लागतो? रक्त कुठून आणतात?

रक्ताचं तेवढं जरा समजावून सांगतो, कारण घरची माणसं बाळाच्या काळजीत आईला विसरतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव अर्ध्या-एक तासात होत्याचं नव्हतं करू शकतो. बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, गर्भपिशवी चोळणं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत, पिशवीत फुगा घालून दाब देणं, हे सगळं लहान ठिकाणीही करता येतं आणि करतातही. पण त्यानेही थांबलं नाही तर रक्त लागतं. रक्तपेढी ४५ किलोमीटरवर असेल आणि गावात रक्तसाठवणूक केंद्रही नसेल, तर रक्ताची सोय आधीच करून ठेवायला हवी. मुलीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची. शिवाय बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं. तेही गावात मिळतं का, विचारून ठेवा.

आता मोठ्या हॉस्पिटलबद्दल. "काही झालंच तर तिकडे हलवू" असं घराघरांत ऐकू येतं. हलवायचं असेल तर बाळ पोटात असताना हलवा. आमच्यात म्हणतात की आईच्या पोटाइतकी चांगली अँब्युलन्स कुणी बनवलेली नाही. पोटात ऊब असते, ऑक्सिजन असतो, पोषण असतं, जंतू नसतात. तेच दीड किलोचं बाळ जन्मल्यानंतर ४५ किलोमीटर आणायचं तर वाटेत ते गार पडतं, त्याची साखर उतरते, श्वास थांबतो. बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. माझ्याकडे अशी बाळं पोचतात तेव्हा थर्मामीटर लावायच्या आधीच तळपाय हाताला गार लागतात. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवलेत. पण नवजात बाळाला सांभाळत आणणारी, ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर आणि शिकलेला माणूस असलेली गाडी दर वेळी मिळतेच असं नाही.

पोटातल्या बाळासह आईला हलवताना निघण्याआधीच एक इंजेक्शन द्यायचं असतं. ३४ आठवड्यांच्या आधी प्रसूती होईल असं दिसलं तर आईला स्टिरॉइड देतात, आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे चार डोस. लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये याचा परिणाम १९७२ साली दाखवून दिला: पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात आणि जन्मल्यावर श्वासाचा त्रास कमी होतो. इतकं स्वस्त आणि इतकं गुणी औषध आमच्या क्षेत्रात दुसरं नाही. लहान प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांनी पहिला डोस देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून पाठवलेली आई माझ्याकडे येते तेव्हा अर्धी लढाई त्यांनीच लढलेली असते. बीपी फार वाढून झटके येण्याची भीती असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोसही तसाच देऊन पाठवायचा असतो. तुमच्या डॉक्टरबाई वेळेवर पाठवणाऱ्या आहेत की 'बघू अजून तासभर' म्हणणाऱ्या, हे गावात चार बाळंतिणींच्या घरी विचारलंत तर कळेल. वेळेवर पाठवणाऱ्या असतील तर त्यांचा मान ठेवा, तो कमीपणा नव्हे.

शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जाल तेव्हा काचेच्या पेट्या मोजू नका, सिस्टर मोजा. बाळं व्हेंटिलेटरवर असतील तर एकीकडे एक किंवा फार तर दोन, बरी होत असलेली असतील तर तीन-चार, याहून जास्त बाळं एका सिस्टरवर असली तर पेटी कितीही भारी असो, उपयोग नाही. ही संख्या रात्रीची विचारा. दुपारी सगळीकडे माणसं दिसतात. आत जाण्याआधी तुम्हाला कोपरापर्यंत हात धुवायला लावतात का, डॉक्टर स्वतः धुतात का, ते पाहा. लहान बाळांना जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो, आणि तो बऱ्याचदा हातांवरून पोचतो.

आणि आईला आत येऊ देतात का? कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायची कांगारू पद्धत कोलंबियात बोगोट्याला १९७८ च्या सुमारास सुरू झाली, ती इन्क्युबेटर पुरेसे नव्हते म्हणून. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच असं छातीशी ठेवलं, तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. म्हणजे चारांतला एक मृत्यू टळला, आणि तो आईच्या छातीच्या उबेने. "आईला फक्त संध्याकाळी पाच मिनिटं काचेतून दाखवतो" असं जिथे अभिमानाने सांगतात, तिथे मी माझ्या नातवाला ठेवणार नाही.

दुधाचंही विचारा. आईचं दूध हाताने काढायला शिकवतात का, की पहिल्या दिवशीच पावडरचा डबा लिहून देतात? आईला दूध उतरेपर्यंत दुसऱ्या मातेचं, तपासून पाश्चराइज केलेलं दूध मिळतं का? आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. तरीही आज कित्येक महागड्या एनआयसीयूंत ही सोय नसते, याची मला खंत वाटते.

जाहिरातीतल्या एखाद्या यंत्रावर भाळू नका. गुदमरलेल्या बाळाचं अंग ७२ तास थंड ठेवायचा उपचार श्रीमंत देशांत रुळला आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात त्यावर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि थंड ठेवलेल्या बाळांत मृत्यू कमी न होता उलट जास्त दिसले. आपल्याकडे तो कुणाला द्यायचा यावर आम्ही डॉक्टर अजून जपून पावलं टाकतो. बाळ गुदमरू न देणं हाच खरा उपाय, आणि तो बाळंतपणाच्या खोलीतच करायचा असतो.

आणखी एक, कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. एनआयसीयूतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. ऑक्सिजन, वायरी आणि चोवीस तास चालणारी यंत्रं एकत्र असतात त्या खोलीत अग्निशमनाची तपासणी कधी झाली हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खर्चाचं बोलू. तिप्पट आकडा बहुधा बाळंतपणाचा सांगितला असेल. बाळ आत ठेवावं लागलं तर एनआयसीयूचं रोजचं बिल वेगळं असतं. ते लेखी घ्या, औषधं-तपासण्या धरून की सोडून, तेही लिहून घ्या. विमा असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून त्यात धरलं जातं का ते पाहा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का हेही विचारा. आणि सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा स्त्री रुग्णालयातल्या नवजात कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात. माझ्या माहितीतले काही सरकारी कक्ष शेजारच्या खासगी कक्षांपेक्षा सरस आहेत, कारण तिथल्या सिस्टर वर्षानुवर्षं हेच काम करतात.

मोठ्या हॉस्पिटलात सिझर जास्त करतात का, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत पण मनात असणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३ आणि खासगीत ४७.४ टक्के. ही तफावत फक्त आजारांमुळे नाही, हे आम्हालाही कळतं. थेट विचारा: पहिलटकरणींतल्या किती जणींचं सिझर होतं? कळांच्या वेळी घरचं एक माणूस सोबत राहू देता का? उत्तर टाळणारा डॉक्टर त्या टाळण्यातूनच बरंच सांगून जातो.

आता माझा सल्ला. बीपी पुन्हा १४०/९० किंवा वर आलं, लघवीत प्रोटीन सापडलं किंवा बाळाची वाढ मागे पडलेली दिसली, तर गावात बाळंतपण नको. आई आणि बाळ दोघांची सोय एकाच छताखाली असेल तिथंच करायचं. त्या वेळी आणखी एक पर्याय आहे, तो तुम्हाला आवडणार नाही कदाचित. मुलीला माहेरी आणण्याऐवजी तुम्हीच पुण्याला जा. सात महिने जिने तिला तपासलंय, जिच्याकडे तिच्या बीपीचा प्रत्येक आकडा आहे, ती डॉक्टर शेवटच्या सहा आठवड्यांत बदलणं हीच आपल्या माहेरच्या पद्धतीतली जोखमीची जागा आहे. मला दिसलेल्या कितीतरी गडबडी अशाच: फाइल सासरी, पेशंट माहेरी, आणि जुनं बीपी कुणालाच माहीत नाही. तिला खिडकीबाहेरचं अंगण नाही, तुमचा हात हवा असतो, आणि तो पुण्यातही मिळेल.

बीपी दोन-तीन वेळा मोजून नीट निघालं, रिपोर्ट स्वच्छ आले, वाढ बरोबर असली आणि डॉक्टरबाईंची वरच्या प्रश्नांवरची उत्तरं तुम्हाला पटली, तर गावात बाळंतपण करायला माझी हरकत नाही. मात्र ३४व्या आठवड्याच्या आसपास आणा, अडतिसाव्यात नव्हे. मूळ फाइल, सगळ्या सोनोग्राफी आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेऊन, आणि आल्या आल्या त्या शहरातल्या हॉस्पिटलातही एकदा नाव नोंदवून ठेवा. रात्री पाठवायची वेळ आली तर अनोळखी दारात उभं राहावं लागणार नाही.

बाळ झाल्यावरचं थोडक्यात. नाळ लगेच कापायची घाई नको, रडणाऱ्या बाळाला मिनिटभर थांबलेलं चांगलं. तासाभरात अंगावर घ्यायचं, चीक टाकायचा नाही. निघण्याआधी व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओचा थेंब आणि हिपॅटायटिस बी झालंय हे कार्डावर पाहा. पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका, रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं प्रमाण, तपासा. घरी गुटी, मध, बोंडल्याने पाणी, बेंबीला तेल, धुरी यांतलं काही नको. मालिश आणि ऊब जरूर द्या, शेगडीचा धूर बाळाच्या खोलीत नको.

गावातल्या आशाताईंना मुलगी आलीय हे आधीच कळवा. नाव पुण्यात नोंदलेलं असल्याने त्यांच्या यादीत ती नसेल. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या ४२ दिवसांत सहा वेळा भेटायला येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घ्यायला लावली, तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि त्यातूनच पुढे देशभरच्या आशांचं हे काम उभं राहिलं. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, सुस्त पडलं, तर त्या सांगतील की दवाखान्यात न्या. तेव्हा बाराव्या दिवसाचा पाळणा आटोपायची वाट पाहू नका.

उद्याच्या तपासणीतले बीपीचे आकडे, लघवीचा रिपोर्ट आणि सोनोग्राफीत लिहिलेलं बाळाचं वजन मला कळवा. ते पाहिल्यावर गाव, जिल्हा की पुणे, यावर आपण पुन्हा बोलू.